सोवा विरुद्ध सोवा

एबेनेझर सोवा यांच्या दिवाणखान्यात एकाच महिन्यात स्पीकरच्या दोन जोड्या आल्या. दुसरी आल्यावर तिसऱ्या दिवशी शोर्मेनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जाहीर केलं की पाहुण्यांच्या खुर्च्या आणि सासूबाईंचा कोच सोडून जी जागा उरते तिच्यात एकच जोडी राहील. "कुठली ते तुम्ही ठरवा. उरलेली कुठं जाईल ते मी ठरवते."

पहिली जोडी सोवांनी स्वतः शोधली होती. सव्वीस वर्षं सरकारी खात्यात नकाशे सांभाळलेला माणूस. घाईनं काही घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्या गावच्या, तेशीच्या, नाक्यावर बोये नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा बसतो. युरोपातून जहाजानं येणाऱ्या जुन्या सामानात त्याला ही जोडी मिळाली होती. लाकडी पेट्या, कोपऱ्यांचा पापुद्रा उडालेला, तोंडावर तपकिरी कापड, उंची दोन पावांच्या लाद्यांएवढी. बोये म्हणाला, "साहेब, हे पुस्तकांच्या फळीवर ठेवायचे स्पीकर आहेत." सोवांच्या घरात बायबल, प्रार्थनागीतांचं पुस्तक आणि नऊ वर्षांपूर्वीची टेलिफोन डिरेक्टरी एवढीच पुस्तकं होती. तरी त्यांनी जोडी घेतली. पुस्तकं काय, मागाहूनही घेता येतात.

घरी आणल्यावर शोर्मेनं पेटीला चहूबाजूंनी हात लावून पाहिला. "याचा प्लग कुठंय?"

"याला प्लग नसतो. हे पॅसिव्ह स्पीकर आहेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे स्वतःहून काही करत नाहीत. मागून ॲम्प्लिफायरनं ढकललं की मगच वाजतात."

"कळलं," शोर्मे म्हणाली आणि तिनं नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत असं पाहिलं की सोवांना ॲम्प्लिफायर आणायला लगेच बाहेर पडावंसं वाटलं.

दुसरी जोडी आठवड्याभरानं आली ती तावियादादाबरोबर. तावियादादा हा शोर्मेचा थोरला भाऊ. वीस वर्षं हाम्बुर्गला राहून परत आलेला. पेन्शन, गुडघेदुखी आणि प्रत्येक गोष्टीवर मत एवढं तो बरोबर घेऊन आला होता. त्यानं आणलेले स्पीकर काळेकुळकुळीत आणि इतके चकचकीत होते की त्यात बघून दाढी करता आली असती.

"जावईबापू, ही घ्या भेट," तो म्हणाला. "आणि ती तुमची खोकी कोंबड्यांना द्या. अंडी तरी घालतील त्यात."

आता अडचण अशी की बायकोच्या भावानं दिलेली भेट परत करता येत नाही. आणि ठेवून घ्यावी, तर सव्वीस वर्षं नकाशातल्या केसाएवढ्या रेघा ओळखणाऱ्या माणसाला दोन स्पीकर ओळखता आले नाहीत, असं गल्लीत कायमचं नोंदलं जाणार. लग्न झाल्यापासून तावियादादानं सोवांचं कधी म्हणून कौतुक केलं नव्हतं. सोवांच्या घराला तो 'डबा' म्हणायचा, त्यांच्या नोकरीला 'कागद चिकटवणं'. म्हणून सोवांनी घसा साफ केला आणि ते म्हणाले, "दादा, दोन्ही जोड्या शेजारी शेजारी लावू. निःपक्षपातीपणे ऐकू. जी चांगली ती राहील."

"आणि माझी जिंकली तर तुम्ही चारचौघांत कबूल करायचं, की तुम्हाला ऐकण्यातलं कळत नाही."

"आणि माझी जिंकली तर?"

तावियादादा एवढा हसला की उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

निःपक्षपातीपणे ऐकायचं तर आधी शांतता हवी. सोवांच्या भिंतीला लागून पास्टर क्वे यांचं चर्च होतं. चर्चमध्ये कपाटाएवढे चार स्पीकर होते आणि पास्टर क्वे यांचा असा विश्वास होता की सैतान थोडा बहिरा आहे. रविवारी उपासना, बुधवारी उपास, शुक्रवारी जागरण आणि मंगळवारी या सगळ्याची तालीम. उरलेल्या दिवशी पलीकडची मक्याची गिरणी चालायची. सोवांनी दोनदा प्रयत्न केला. एकदा ट्रम्पेटच्या ऐन सुरात चर्चमधल्या कुणाच्या तरी अंगातून भूत निघालं, आणि ते दोन्ही जोड्यांतून सारखंच ऐकू आलं.

मग त्यांच्या लक्षात आलं की बंदीचा महिना जवळ आलाय. सणाच्या आधी, मका पेरल्यावर, तेशीत ढोल, भोंगे, मिरवणुका सगळं बंद असतं. पेरलेला दाणा शांततेत रुजतो, असं वडीलधारे सांगतात. त्या महिन्यात चर्चवालेही हलक्या आवाजात गातात. मक्याबरोबर आपलंही काम होईल, असा सोवांचा हिशेब होता.

तोवर स्पीकर कशावर ठेवायचे यावर गल्लीनं विचार केला. बोये म्हणाला, कानाच्या पातळीवर हवेत. गिरणीवाला म्हणाला, सिमेंटचे ठोकळे. तावियादादा म्हणाला, हाम्बुर्गमध्ये ग्रॅनाइट असतं. पास्टर क्वे कुंपणावरून म्हणाले, "जितके उंच ठेवाल तितकं वर पोचेल." सोवांनी सिमेंटचे ठोकळे आणले. त्यावर शोर्मेनं विणलेले रुमाल घातले. रुमालावर स्पीकर घसरतात म्हणून सोवांनी ते काढले. ते का काढले, या विषयावर दोन दिवस घरात वेगळ्याच प्रकारची शांतता होती. ती ऐकण्यासाठी मात्र उपयोगी पडली नाही.

बंदी सुरू झाली. पहिल्या शनिवारी दुपारी सोवा, तावियादादा आणि बोये जमले. कोचावर सोवांची आई होतीच. वय ब्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

आधी तावियादादाची जोडी लागली. गाणारा कुठं उभा आहे तेच कळेना. आवाज भिंतीतून, छतातून, फ्रिजच्या मागून येत होता. सोवांचा चेहरा खुलला. "दादा, रागावू नका, पण तुमच्या स्पीकरमध्ये माणूस हरवतो."

बोयेनं मागं वाकून पाहिलं. "साहेब, एका पेटीला लाल तार काळ्याच्या जागी लावलीय तुम्ही."

"नकाशे असेच लावता का?" तावियादादानं विचारलं.

तार बदलली आणि गाणारा दोन पेट्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. मग सोवांची लाकडी जोडी लागली. ती थोडी हळू वाजली. तावियादादानं विजयानं मांडीवर थाप मारली. "ऐकलंत? माझ्यापुढं मेंगळट!"

सोवांनी बटण थोडं फिरवलं. तावियादादानं आपल्या पाळीत ते आणखी थोडं फिरवलं. सोवांनी पुन्हा. अर्ध्या तासात खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या आणि आई म्हणाली, "ही दोन माणसं बटणाशी भांडताहेत. गाणं कधी लावणार?"

बोयेनं ॲम्प्लिफायर बंद केला. "साहेब, मोठं वाजतं ते कानाला नेहमीच चांगलं वाटतं. कान फसतात. दोन्हींचा आवाज मापून एकसारखा करा, मग काय ते बोला."

"मापायचा कशानं?"

"आवाजाचा मीटर असतो. पालिकेच्या गोंगाट विभागात एक आहे म्हणतात."

सोमवारी सोवा अर्धा दिवस रजा टाकून गोंगाट विभागात गेले. विभाग म्हणजे एक खोली, एक पंखा आणि आग्बेको नावाचे एक अधिकारी. मीटर त्यांच्या मागच्या काचेच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं आणि कुलपावर लाखेची मोहोर.

"मीटर उसना मिळत नाही," आग्बेको म्हणाले. "तक्रार असेल तर मीटर घेऊन आम्ही येतो."

"माझी तक्रार नाहीये."

"मग मीटर नाहीये."

सोवांनी विचार केला. सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला कळतं की समोरचा माणूस वाईट नाही, फॉर्म तसा आहे. "द्या फॉर्म," ते म्हणाले.

तक्रारदाराचं नाव : एबेनेझर सोवा. पत्ता लिहिला. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचं नाव, इथं त्यांचा हात थबकला. पास्टरचं नाव घालावं तर मीटर चर्चमध्ये जाणार. खोटं लिहायची सवय नव्हती. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : एबेनेझर सोवा.

आग्बेकोंनी चष्मा वर केला. "पत्ता एकच आहे?"

"हो."

"एकत्र राहता?"

"जन्मापासून."

"नातं?"

"जवळचं."

आग्बेकोंनी फॉर्म उलटा करून पाहिला. स्वतःविरुद्ध तक्रार करू नये असं मागं कुठंही छापलेलं नव्हतं. "दोन साक्षीदार लागतील," ते शेवटी म्हणाले. "आवाजाचा त्रास झालेले."

शोर्मेनं सही करायला चष्मासुद्धा शोधला नाही. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या मताची कागदावर नोंद करतोय," ती म्हणाली. दुसरी सही पास्टर क्वे यांनी केली. त्यांच्या चर्चविरुद्ध आजवर अकरा तक्रारी झाल्या होत्या; आयुष्यात पहिल्यांदा ते कागदाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. 'त्रासाचं स्वरूप' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'असह्य', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

शनिवारी दोन वाजता पिकअप गल्लीत शिरली, तेव्हा तिच्यात आग्बेको एकटे नव्हते. बंदीच्या महिन्यात गोंगाटाची तक्रार आली की बंदीचं पथकही बरोबर येतं, हे सोवांना कुणी सांगितलं नव्हतं. डोक्याला लाल फडकी बांधलेले चार धिप्पाड गडी उतरले. मागोमाग खांद्यावरून वस्त्र घेतलेले, बंदीचा अंमल बघणारे वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले. नाव क्वार्शी, पण सगळे मानानं 'नी क्वार्शी' म्हणत. त्यांच्यामागून सगळी गल्ली आली. आपापल्या खुर्च्या घेऊन.

"आरोपी कोण?" नी क्वार्शींनी विचारलं.

"मी," सोवा म्हणाले.

"आणि तक्रारदार?"

"तोही मीच, बाबा."

एका लाल फडक्यानं दुसऱ्याकडे पाहिलं. नी क्वार्शी शांतपणे म्हणाले, "बंदीत वाजवलेलं वाद्य आम्ही घेऊन जातो. सण झाल्यावर, दंड भरून, न्यावं लागतं. दोन्ही जोड्या उचला रे."

आतापर्यंत प्रश्न एवढाच होता की कुठली जोडी राहणार. आता एकही राहणार नव्हती. तावियादादा पुढं झाला. "काळी माझी आहे! म्हणजे होती!"

"बाबा," सोवा म्हणाले. आवाज कापत होता, पण वाक्य नियमाला धरून होतं. "आधी मापा. मग न्या. तक्रार सिद्ध व्हायला नको का?"

आग्बेकोंना हे पटलं. कपाटातून मीटर काढून आणल्यावर न मापता परत जाणं त्यांच्याही जिवावर आलं असावं. ते फाटकापाशी उभे राहिले आणि सोवांनी आत काळी जोडी लावली. मीटरचा काटा मर्यादेच्या पार पलीकडे गेला. गल्लीत 'हाऽ!' झालं. काटा आणखी वर गेला.

आग्बेकोंनी भुवया चढवल्या. "स्पीकर बंद करा." स्पीकर बंद केला. काटा तिथंच. त्यांनी सावकाश वळून गर्दीकडे पाहिलं. "हा आवाज तुमचा आहे."

नी क्वार्शींनी काठी एकदाच आपटली. "बंदी आहे! जो बोलेल त्याची खुर्ची जप्त."

आणि तेशीत, शनिवारी दुपारी, भर वस्तीत, साठ-सत्तर माणसं, एक पास्टर आणि एक गिरणी एकदम गप्प झाली. जन्मात ऐकली नव्हती अशी शांतता सोवांना मिळाली आणि ती राखायला चार धिप्पाड गडी सरकारनं स्वखर्चानं दिले होते.

ही संधी सोडतील तर ते सोवा कसले. "साहेब," ते हळूच म्हणाले, "आरोपी जोड्या दोन आहेत. दोघींना एकाच मापाचा आवाज लावून तपासलं नाही तर अहवाल पक्षपाती होईल." आग्बेकोंनी मान डोलावली, खोलीत येऊन मीटर आईच्या कोचापाशी धरला आणि बोयेनं एकेका जोडीसाठी बटणाची जागा खडूनं खूण करून ठेवली. फाटकापाशी मग दोन्ही जोड्यांचा आवाज सारखाच भरला आणि मर्यादेच्या कितीतरी खाली.

"तक्रार निराधार," आग्बेकोंनी लिहिलं.

नी क्वार्शी मात्र निघेनात. ते आत येऊन खुर्चीवर बसले. "एवढ्या लांब आलोय तर सांगा तरी. यातली चांगली कुठली?"

"तेच तर ठरवायचंय, बाबा!"

"मग लावा. पण ढोल नको. तबकडीतला ढोल तोही ढोलच."

सोवांनी सगळ्या तबकड्या आणि कॅसेटी चाळल्या. ढोल नाही असं गाणं कुणाच्या घरात असतं? शेवटी कपाटाच्या तळाशी एक कॅसेट सापडली. त्यांच्या लग्नातलं वडिलांचं भाषण. वडील तेमा बंदरात मुकादम होते. क्रेनच्या खडखडाटात जन्म काढलेला, पण स्वतः इतकं हळू बोलणारा माणूस दुसरा नव्हता. ते जाऊन बारा वर्षं झाली होती.

शोर्मेनं दोन्ही जोड्यांपुढं चादर धरली. कुठली वाजतेय ते फक्त बोयेला माहीत.

पहिल्यांदा वडील बोलले ते गडगडाटासारखे. भरल्या छातीतून निघालेला, धिम्या पावलांनी येणारा आवाज. पास्टर क्वे नकळत उभे राहिले. दाराशी बसलेला गिरणीवाला कुजबुजला, "काय वजन आहे!"

आई कोचावरून म्हणाली, "हा कोण?"

"बाबा आहेत, आई."

"तुझे बाबा? असे बोलत असते तर मी त्याच रात्री माहेरी गेले असते."

बोयेनं तार बदलली. आवाज लहान झाला. कॅसेटची खरखर, कुणाच्या तरी खुर्चीची करकर, आणि मग चादरीमागं जवळच एक माणूस खाकरला. घसा साफ करून, थोडं खाली बघून बोलतात तसं बोलू लागला. 'मी फार बोलणार नाही. मला बोलता येत नाही…'

आई ताठ बसली. "पाणी पी आधी," ती चादरीला म्हणाली. "लग्नातसुद्धा पाणी प्यायला नाहीस. तुला सांगून सांगून मी थकले."

कुणी हसलं नाही. शोर्मेच्या हातातली चादर हलायला लागली. सोवा ठोकळ्यांकडे बघत होते, पण त्यांना ठोकळे दिसत नव्हते.

वडील पुढं बोलत होते आणि त्यांच्या आवाजाच्या मागं, मांडवातल्या टेपरेकॉर्डरपाशी, कुणीतरी तरुण माणूस कुणाच्या तरी कानात कुजबुजला. शब्द न् शब्द ऐकू आला : 'माणूस चांगला आहे रे हा. आमच्या शोर्मेला याच्यापेक्षा चांगला मिळाला नसता.'

खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बोयेनं कॅसेट मागं घेतली आणि पुन्हा लावली. पुन्हा तेच. मग पहिली जोडी लावली. तिच्यात वडील गडगडले, पण कुजबुज नव्हती. ती गडगडाटाखाली पार बुडाली होती.

"कोण बोललं ते?" नी क्वार्शींनी विचारलं.

तावियादादा खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या मानेवर घाम आला होता. "कोण जाणे. कॅसेट जुनी आहे. काहीही ऐकू येतं."

पास्टर क्वे पुढं सरसावले. "मला वाटतं तो मीच असेन. मी तेव्हा समूहगानात होतो. दुसऱ्या रांगेत. माणसं ओळखण्याची देणगी मला पहिल्यापासून—"

"तुम्ही?" तावियादादा गरकन वळला. "तुम्हाला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं! 'आमच्या शोर्मेला' म्हणायला ती तुमची कोण? मी म्हणालो ते! मी! आणि किती स्पष्ट ऐकू येतंय, तरी म्हणे—"

तो थांबला. पण वाक्य खोलीत आलं होतं आणि ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. किती स्पष्ट ऐकू येतंय, आणि कशातून, ते चादर खाली आल्यावर सगळ्यांनीच पाहिलं. कोपऱ्यांचा पापुद्रा उडालेल्या दोन लाकडी पेट्या.

नी क्वार्शींनी काठी उचलली आणि लाकडी जोडीकडे रोखली. "ही राहील." शांततेचा हुकूम अजून उठला नव्हता, त्यामुळे गल्लीनं टाळ्या हवेत, हात एकमेकांना न लावता वाजवल्या. सत्तर माणसांच्या त्या मुक्या टाळ्यांपुढं सोवांनी किंचित वाकून मान झुकवली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना बढतीच्या वेळीसुद्धा एवढं मिळालं नव्हतं.

"पंचवीस वर्षं," शोर्मे भावाला म्हणाली, "पंचवीस वर्षं हे कुणालाच का नाही सांगितलंस, दादा?"

"सांगितलं की. तेव्हाच सांगितलं," तावियादादा पुटपुटला. "कुणी ऐकलं नाही, त्याला मी काय करू?"

रविवारी सकाळी सोवांनी काळी जोडी स्वतःच्या हातांनी तावियादादाच्या घरी पोचवली. आई म्हणाली होती, जिंकलेल्या माणसानं ओझं उचलावं. त्यांनी भिंतीपासून हातभर अंतर मोजलं, लाल तार लालला लावली, पेट्या थोड्या आत वळवल्या. त्या मोठ्या खोलीत, दोघांत एक खुर्ची ठेवून, काळे स्पीकर खूपच माणसात आले. दोघं तबकडीची अर्धी बाजू ऐकत बसले. शोर्मेनं दिलेला केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उंडा, आणि तळलेला मासा मध्ये उघडून ठेवला होता.

"दादा," सोवा शेवटी हळूच म्हणाले, "इथं तुमचे स्पीकर छान वाजतात हो."

तावियादादानं मासा खाली ठेवला. "काय म्हणालात? जरा मोठ्यानं म्हणा."

"नाही," सोवा म्हणाले आणि त्यांनी सर्वांत मोठा तुकडा स्वतःच्या पानात वाढून घेतला. "बंदी आहे."